देहलीदीप आणि चाकांवरचें बिऱ्हाड

उंबरठ्यावर ठेविलेला दिवा माजघरांतहि उजेड पाडतो आणि अंगणांतहि पाडतो. वाक्यांतील एकच पद जेव्हां मागल्या व पुढल्या अशा दोन्ही भागांशीं लागतें, तेव्हां टीकाकार ह्याच दिव्याचा दृष्टान्त देतात आणि त्यास देहलीदीपन्याय म्हणतात. आम्ही शाळेंत संस्कृत शिकवूं लागलों तेव्हां हा न्याय फोड करून सांगावा लागत नसे; मुलांच्या घरीं उंबरठा असे व सांजवेळीं त्याच्या कडेला पणती असे. पुढें पुढें उंबरठेच गेले, त्यांच्या जागीं चपलांची मांडणी आली, आणि आधीं फळ्यावर घराचें चित्र काढून मग न्याय सांगण्याची पाळी आली. ह्या महिन्यांत त्या न्यायाची आठवण आम्हांस एका अगदींच अनपेक्षित ठिकाणीं झाली. तें ठिकाण म्हणजे अमेरिकेंतील एका मोटारीची पाठ.

नागपूरच्या एका वाचक भगिनींनीं लिहिलें आहे कीं, त्यांचे चिरंजीव ॲरिझोना संस्थानांत असतात, आणि त्यांनीं पिकअप मोटारीवर बसविण्याचें एक जुनें फिरतें घर विकत घेतलें आहे. तिकडे त्यास कॅम्पर म्हणतात. चिरंजीव संगणकाचें काम करणारे. तथापि ह्या घराचे आंतले-बाहेरचे दिवे ते सुटीच्या दिवशीं आपल्या हातानें बसवीत आहेत, आणि येत्या उन्हाळ्यांत सूनबाई व चार वर्षांची नात ह्यांना घेऊन तीन आठवडे त्याच घरांत राहणार आहेत. विजेचें हें काम घरीं करण्यासारखें आहे काय, आणि आईनें दुरून काय विचारावें, असा त्या भगिनींचा प्रश्न आहे. आम्ही २०२३ सालच्या उन्हाळ्यांत कोलोरॅडोंत कन्येकडे होतों, हें त्यांना ह्याच पानावरून ठाऊक आहे. त्या मुक्कामांत आमच्या जांवयांनीं अशाच एका घराचे सर्व दिवे नव्यानें बसविले. विजेरी दाखविणें, तारेचें टोंक धरणें, स्क्रू हरवूं न देणें आणि मधून मधून प्रश्न विचारणें, एवढीं कामें आमच्याकडे होतीं. तेव्हां उत्तर देण्यास आम्ही अगदींच अनधिकारी नाहीं.

प्रथम हें घर कसें असतें तें सांगूं. आपल्याकडे पहाटे भाजीबाजारांत, मागें उघडा हौदा असलेल्या ज्या लहान मालमोटारी येतात, त्यांचीच मोठी जात म्हणजे अमेरिकन पिकअप. त्या हौद्यांत हें घर सरकवून चार कोपऱ्यांवर घट्ट आवळतात. नको असेल तेव्हां त्याच्याच चार पायांवर उभें करून मोटार खालून काढून घेतां येते. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तें अक्षरशः हेंच. चालकाच्या टपावर पुढें आलेल्या भागांत निजण्याची माडी, खालीं एक बांक, एक शेगडी, एक मोरी, आणि मागच्या अंगास दार. आंतली चालण्याची जागा आपल्या देवघराएवढी. जॉन स्टाइनबेक ह्या अमेरिकन ग्रंथकारानें १९६० सालीं अशाच एका घरांत बसून, बरोबर आपला कुत्रा घेऊन, साऱ्या देशाची प्रदक्षिणा केली. मोटारीचें नांव त्यानें डॉन किहोटेच्या घोड्यावरून रोसिनांते असें ठेविलें होतें. ती मोटार आज कॅलिफोर्नियांत सालिनास येथील त्याच्या स्मारक-संग्रहालयांत आहे.

अशा घरांत वीज तीन वाटांनीं येते, आणि ह्या तिहींची गल्लत करणें हाच पहिला धोका. तळावर जेथें विजेचा खांब असतो तेथें १२० व्होल्टांची गांवची वीज मिळते. जेथें खांब नाहीं, तेथें घराची स्वतःची १२ व्होल्टांची बॅटरी. आणि तिसरी वाट मोटारीची: सात कांट्यांच्या एका जोडणींतून मागचे तांबडे दिवे, वळणाचे दिवे व बॅटरी भरण्यापुरती थोडी वीज घराला मिळते. आंतले दिवे व दारावरचा दिवा हे दुसऱ्या वाटेचे. रस्त्यावर लागणारे दिवे तिसऱ्या वाटेचे. मोटारीची बॅटरी व घराची बॅटरी ह्यांच्यामध्यें एक आपोआप तुटणारी कळ असावी लागते. नाहीं तर रात्रीं घरांत दिवे जळतात आणि सकाळीं मोटार चालू होत नाहीं. १२० व्होल्टांच्या वाटेला मात्र चिरंजिवांनीं हात लावूं नये. तें परवानाधारक माणसाचें काम.

आतां थोडें त्रैराशिक. आम्ही संस्कृताबरोबर कांहीं वर्षें गणितहि शिकविलें, म्हणून ही हौस. जुन्या कॅम्परांत छताला जे दिवे असत, त्यांत १८ वॅटांच्या आसपासचे दोन दोन तारेचे गोळे असत. १८ ला १२ नें भागलें म्हणजे दीड अँपिअर. एका दिव्याचे तीन. असे चार दिवे सायंकाळीं चार तास जाळले, तर ४८ अँपिअर-तास खर्च झाले. शिशाची एक साधारण बॅटरी ८० अँपिअर-तासांची धरली, तरी तिच्या निम्म्याहून अधिक वीज काढूं नये असा संकेत आहे. वारंवार काढल्यास ती लवकर मरते. म्हणजे हाताशीं ४० आणि खर्च ४८. त्याच जागीं ३ वॅटांचे एलईडी घातले, तर एक गोळा पाव अँपिअर, चार दिव्यांचे मिळून दोन अँपिअर, आणि चार तासांचे आठ. निळा प्रकाश देणारा एलईडी साधल्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा ह्या तिघां शास्त्रज्ञांस २०१४ सालीं भौतिकीचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या निळ्यावर पिवळ्या चमकणाऱ्या द्रव्याचा लेप देऊन पांढरा प्रकाश होतो. ४८ चे ८ होतात ते त्या शोधामुळें.

ह्या हिशेबाला आमचे जांवई फार जपत, आणि त्याचें कारण दिव्यांहून निराळें आहे. डोंगरांतल्या तळावर उन्हाळ्यांतहि पहाटे हातपाय गारठतात. घराला ऊब देणारी भट्टी गॅसवर चालते खरी, परंतु तिचा पंखा व तिची ठिणगी ह्यांना १२ व्होल्टांची वीज लागते. रात्रीं दहापर्यंत दिव्यांनीं बॅटरी पिऊन टाकली, तर पहाटे तीनला पंखा थांबतो आणि निजलेलें पोर कुडकुडतें. म्हणून त्या घरांत व्होल्ट मोजणारें एक लहानसें यंत्र दाराशीं लाविलें होतें. शिशाची बॅटरी भरलेली व विसावलेली असतां सुमारें १२.७ दाखविते, १२.२ च्या आसपास आली म्हणजे निम्मी संपली असें समजावयाचें. हल्लींच्या लिथियम लोह-फॉस्फेट बॅटरींतून पुष्कळ अधिक वीज काढतां येते. पण ती महाग असते, आणि गोठणबिंदूच्या खालीं तिला भरूं नये असा तिचा नियम आहे.

आतां भगिनींच्या मुख्य काळजीकडे येतों. बारा व्होल्टांच्या विजेचा झटका बसत नाहीं, म्हणून लोक तिला निरुपद्रवी समजतात. हा समज खोटा आहे. झटका बसत नाहीं तरी आग लागते. बॅटरीचीं दोन टोंकें बारीक तारेनें एकमेकांस टेंकलीं, तर क्षणांत शेंकडों अँपिअरचा प्रवाह वाहूं शकतो. आणि प्रवाह दुप्पट झाला तर तारेंत उत्पन्न होणारी उष्णता चौपट होते. त्या तारेच्या एका बाजूला पातळ लांकूड, दुसऱ्या बाजूला फेसाचा थर, आणि बाहेर जाण्याला एकच दार.

आमच्या जांवयांनीं घेतलेलें घर २५ वर्षांचें होतें व तीन हातांतून फिरलेलें होतें. माडीवर उशाशीं वाचण्याचा एक दिवा कोणीसा पूर्वीं लाविला होता. तो काढतांना त्याच्या मागची फळी उचकटली. आंत दिसलें तें असें: छताच्या दिव्याच्या जाड तारेचें आवरण सुरीनें खरवडून तिच्यावर एक केसासारखी बारीक तार नुसती पिळून बांधिली होती, वरून चिकटपट्टी. पट्टी सुटून लोंबत होती. बारीक तारेचें आवरण वितळून तिच्या अंगाशीं मेणासारखें थिजलें होतें, आणि फळीच्या पाठीवर रुपयाएवढा काळा डाग होता. मग आम्ही फ्यूजची पेटी उघडली. ज्या घरावर १५ असा आंकडा छापला होता, त्यांत ३० चा फ्यूज बसविलेला. हिशेब सरळ होता: पूर्वीच्या मालकाचा १५ चा फ्यूज वारंवार जात असला पाहिजे, आणि तो कां जातो हें शोधण्याऐवजीं त्यानें न जाणारा फ्यूज आणिला. त्याच फळीला डोकें टेंकून आमची नात दोन रात्री निजली होती. सौ. त्या दिवशीं जेवल्या नाहींत.

फ्यूज, ज्यास शाळेच्या पुस्तकांत वितळतार असा गोड शब्द आहे, तो दिव्याचें रक्षण करण्यासाठीं असतो असें बहुतेकांस वाटतें. तसें नाहीं. तो तारेचें रक्षण करतो. जी तार जेवढा प्रवाह न तापतां वाहूं शकेल, त्याच्या आंतच वितळेल असा फ्यूज तिच्या मुखाशीं हवा. अमेरिकेंत तारांना नंबर असतात, आणि नंबर मोठा तर तार बारीक अशी उलटी रीत आहे: १४ नंबरच्या तारेंतील तांब्याचा व्यास सुमारें १.६ मिलिमीटर, १८ नंबरचा सुमारें १. चौदा नंबरच्या तारेवर १५ चा फ्यूज ठीक. परंतु तिच्यावरून १८ नंबरची शाखा काढली, तर त्या शाखेच्या मुळाशीं ५ चा स्वतंत्र फ्यूज पाहिजे. आणि मुख्य तारेचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आंत पाहिजे, कारण फ्यूजच्या अलीकडच्या तारेला कोणीच राखणदार नसतो. तिकडच्या फ्यूजना रंग असतात: ५ चा फिकट तपकिरी, १० चा तांबडा, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. भगिनींनीं चिरंजिवांस एकच सांगावें कीं, पेटीचें झांकण उघडून तिचें छायाचित्र पाठीव. घरावर छापलेला आंकडा आणि आंतल्या फ्यूजचा रंग हे जुळतात कीं नाहीं, हें नागपुरांत बसूनहि पाहतां येईल. दिव्यांच्या रांगेंत हिरवा रंग दिसला, तर दिवे बसविणें थांबवून आधीं तार शोधावयाची.

तारांच्या रंगांचा घोटाळा याहून विलक्षण आहे. मोटारींत काळी तार बहुधा ऋण असते. पुष्कळ कॅम्परांत काळी तार धन व पांढरी ऋण असते. आणि तिकडच्या घरगुती १२० व्होल्टांच्या विजेंतहि काळी तार जिवंत असते! एकाच भिंतींत दोन काळ्या तारा, एक बारा व्होल्टांची व एक एकशेवीसांची, शेजारीं शेजारीं निघूं शकतात. रंगावर विश्वास ठेवूं नये. खांबाची जोडणी काढून, बॅटरीचें ऋण टोंक सोडवून, प्रत्येक तार मीटरनें पाहून मगच हात लावावा. जांवयांनीं प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी बांधिली होती, व चिठ्ठ्यांवरील अक्षर आमचें होतें.

तार जाड घेण्याला दुसरेंहि एक कारण आहे. बॅटरीपासून दिवा २० फूट असेल, तर वीज जाऊन-येऊन ४० फूट चालते. १८ नंबरच्या तारेंतून तीन अँपिअर नेले, तर वाटेंत जवळ जवळ पाऊण व्होल्ट खर्च होतो. १४ नंबरच्या तारेंत अवघा पाव-तीन दशांश. बाराच्या पोटांतून पाऊण जाणें म्हणजे थोडें नव्हे. बाकीच्या गोष्टी थोडक्यांत: जोड नुसता पिळूं नये, तांब्याच्या नळींत घालून चिमट्यानें दाबावा, पत्र्याच्या भोंकांतून तार नेतांना रबराची कडी घालावी, कारण मोटार हजारों मैल हादरते व पत्र्याची धार कातरीसारखी चालते, आणि तार दर वीत-दीड वीत अंतरावर बांधावी.

आंतले दिवे किती व कोठें, ह्याबद्दल आमचें मत पुष्कळांना जुनाट वाटेल. मध्यें एक लखलखीत दिवा लावूं नये. एवढ्याशा खोलींत तो डोळ्यांसमोरच येतो, आणि एक वाचीत बसला तर दोघांची झोंप उडते. तीन-चार मंद दिवे, प्रत्येकाची कळ निराळी, हें उत्तम. शेगडीवरचा दिवा पाठीमागें छताला असला, तर कांदा चिरणारणीची सांवली तिच्याच हातावर पडते; तो पुढच्या फळीच्या खालीं लावावा. उशाशीं ज्याचा त्याचा लहान दिवा. प्रकाशाचा वर्ण केल्विन ह्या मापांत सांगतात. २७०० ते ३००० म्हणजे समईसारखा पिवळसर, ५००० च्या पुढें म्हणजे इस्पितळासारखा. आम्ही समईच्या बाजूचे. माडीवरून रात्रीं उतरण्यासाठीं एक तांबडा दिवा असावा: अंधाराला सरावलेले डोळे पांढऱ्या उजेडानें क्षणांत बिघडतात व पुन्हां सरावण्यास वीस-तीस मिनिटें घेतात, गडद तांबड्यानें तितके बिघडत नाहींत.

बाजारांत एलईडीच्या लांबच लांब फिती स्वस्त मिळतात. त्या बरोबर बारा व्होल्टांसाठीं केलेल्या असतात. परंतु बॅटरी भरत असतां दाब १४ च्या वर चढतो, आणि स्वस्त फिती तापून एक एक मणी विझूं लागतो. ज्या दिव्यावर १० ते ३० व्होल्ट असें लिहिलेलें असेल तो घ्यावा. रंग बदलणाऱ्या फितींविषयीं आम्ही कांहीं बोलत नाहीं. लग्नाच्या मांडवाला त्या शोभतात.

भगिनींनीं पत्राच्या कडेला बारीक अक्षरांत एक प्रश्न घातला आहे: सूनबाई सायंकाळीं निरांजन लावतात, तें तेथें लावावें काय? आंत लावूं नये. कापडी पडदे, पातळ लांकूड, गॅसची टाकी आणि बंद हवा. पूर्वीं तिकडेहि अशा घरांत गॅसच्या बत्त्या जळत, त्यांतून आग आणि कार्बन मोनॉक्साइडची विषारी हवा हे दोन्ही शत्रू येत, आणि विजेचे दिवे आले ते कांहीं केवळ चैनीसाठीं नव्हेत. तळावर लांकडी मेज असतें, त्यावर वाऱ्याच्या आडोशानें लावावें व निजण्यापूर्वीं शान्त करावें. परंतु पश्चिमेकडील संस्थानांत कोरड्या उन्हाळ्यांत वणव्याच्या भयानें उघड्या जाळास बंदी होते. त्या दिवसांत मेजावरहि लावूं नये. सूनबाईंनीं तळाच्या फळ्यावरील सूचना वाचूनच काडी ओढावी.

आतां उंबरठा. हें घर मोटारीच्या हौद्यावर बसलेलें, म्हणून त्याचें जोतें कंबरेइतकें उंच. दारांतून खालीं तीन-चार अरुंद, घडीच्या पायऱ्या. रात्रीं बाहेर जाण्याचा प्रसंग लहान मुलांना येतो आणि आमच्या वयाच्या माणसांनाहि येतो. सर्व दिव्यांत कोणता एकच दिवा लावावा असें कोणी विचारलें, तर आम्ही पायरीचा दिवा सांगूं. अर्ध्या वॅटाचाहि पुरतो. तो दारावर उंच नसावा. उंच दिव्यानें उतरणाराची सांवली नेमकी ज्या पायरीवर पाय टाकावयाचा तिच्यावर पडते. तो उंबरठ्याच्या खालीं, तोंड पायऱ्यांकडे करून असावा, आणि त्याची कळ दाराच्या आंत, निजल्या जागेवरून चांचपडत पोंचतां येईल अशी. जांवयांनीं प्रथम दारावर मोठा दिवा लाविला होता. सौ. एका रात्रीं शेवटच्या पायरीवर घसरल्या, गुडघ्यावर निभावलें. दुसऱ्या दिवशीं उंबरठ्याखालीं लहान दिवा आला. देहलीदीपाची आम्हांस आठवण झाली ती ह्यासाठीं: उंबरठ्यावरची ती पणती कधीं उंच टांगलेली नसे.

बाहेरच्या दिव्यांत दोन जाती आहेत. एक रस्त्याच्या कायद्याची. पुढें नारिंगी व मागें तांबडा, ही अमेरिकेची रीत ठरलेली आहे. रुंदी ८० इंच किंवा अधिक असेल, तर वरच्या दोन्ही कोपऱ्यांना रुंदी दाखविणारे दिवे आणि मध्यें तीन दिव्यांची ओळ, पुढें नारिंगी, मागें तांबडी, असे असावे लागतात. अंधारांत मागून येणारास केवढें धूड पुढें आहे तें कळावें म्हणून. ह्यांत कल्पकता चालवूं नये. घराचा मागचा भाग हौद्याबाहेर आला असेल, तर मोटारीचे मूळ तांबडे दिवे झांकले जातात. तेव्हां घराचे स्वतःचे मागचे दिवे, ब्रेकचे व वळणाचे धरून, दर प्रवासाच्या आधीं एकानें आंत बसून व एकानें मागें उभें राहून पाहावे. तळावरचे पांढरे दिवे चालत्या गाडीवर लावूं नयेत. मागें पांढरा दिवा दिसला तर गाडी मागें येत आहे असा पाठीमागच्याचा समज होतो.

दुसरी जात अंगणाच्या दिव्यांची, आणि तिचा पहिला वैरी पाणी. बाहेरच्या भिंतीला पाडलेलें प्रत्येक भोंक म्हणजे पावसाला दिलेलें आमंत्रण. टपावरच्या दिव्यांच्या बुडांतून पाणी झिरपून आंतलें लांकूड कुजणें हा जुन्या कॅम्परांचा नेहमींचा रोग. कोंकणांतील कौलारू घर ज्यानें राखलें आहे त्यास हें अधिक सांगावयास नको. म्हणून जुन्या दिव्याच्या जागीं, जुन्याच भोंकावर, नवा दिवा बसवावा. बुडाशीं ब्यूटिल रबराची चिकट पट्टी द्यावी, आणि तार भोंकांत शिरण्यापूर्वीं तिला खालीं एक झोळ ठेवावा, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी झोळाच्या तळाशीं थेंब होऊन पडतें, आंत शिरत नाहीं. दुसरा वैरी किडे. निळसर उजेडाकडे ते अधिक झेंपावतात, पिवळ्या-नारिंगीकडे कमी. पहिल्या पावसांत आपल्याकडे दिव्याखालीं परात भरून पंख सांपडतात, त्यावरून कल्पना करावी.

तिसऱ्याला वैरी म्हणणें बरोबर नाहीं, तो शेजारी. राष्ट्रीय उद्यानांतील बहुतेक तळांवर रात्रीं १० ते सकाळीं ६ शान्ततेची वेळ असते, पण ती कानांची. डोळ्यांची शान्तता ज्यानें त्यानें पाळावी लागते. पलीकडे कापडी तंबूंत कोणी निजलेलें असतें, आणि आपल्या दारावरचा दिवा त्याच्या तंबूची साऱ्या रात्रीची पौर्णिमा करतो. चिरंजीव ॲरिझोनांत आहेत म्हणून मुद्दाम सांगतों: त्याच संस्थानांतील फ्लॅगस्टाफ गांवीं १८९४ सालीं स्थापिलेली लॉवेल वेधशाळा आहे, १९३० सालीं प्लूटो सांपडला तो तेथेंच. ह्या गांवानें १९५८ सालींच आकाशांत झोत फेंकणाऱ्या दिव्यांना मनाई केली, आणि २००१ सालीं अंधाऱ्या आकाशाचें जगांतील पहिलें नगर म्हणून त्याची नोंद झाली. शेजारच्या यूटांतील नॅचरल ब्रिजेस हें २००७ सालीं तसें पहिलें उद्यान झालें. आणि भगिनींच्या नागपुराजवळचें आपलें पेंच, तें २०२४ सालीं भारतांतील पहिलें. तेथें आसपासच्या गांवांतले रस्त्यावरचे दिवे खालीं तोंड करणारे बसविले आहेत. म्हणजे ह्या बाबतींत आई व चिरंजीव एकाच आकाशाखालीं राहतात म्हणावयाचें.

सारे दिवे बसवून झाले म्हणजे अमावास्येच्या जवळपासच्या एखाद्या रात्रीं चिरंजिवांनीं ते सगळे लावावे, घरापासून चाळीस पावलें दूर जावें, आणि मागें वळून पाहावें. तेथून पायऱ्या दिसाव्यात, दिवा दिसूं नये. ज्याची ठिणगी थेट डोळ्यांत येईल, त्याच्यावर पत्र्याची पापणी बसवावी, किंवा त्याचें तोंड खालीं वळवावें.